जनावर, शेजारी आणि परवाना

अल्लाहने माणसाला दिलेल्या देणग्यांची आठवण करून देताना कुरआन पाळीव जनावरांचा उल्लेख वारंवार करतो. सूरह नहलच्या आरंभीच त्यांच्यापासून मिळणारी ऊब, अन्न आणि ओझे वाहून नेण्याची सोय यांचे वर्णन येते. सायंकाळी कळप घराकडे परततो आणि सकाळी चरावयास निघतो, त्या वेळच्या शोभेकडेही तेथे आपले लक्ष वेधले आहे. उपयोग आणि सौंदर्य या दोन्ही दृष्टींनी जनावर ही अल्लाहची कृपा आहे, हे यातून स्पष्ट होते.

या कृपेचा वाटा आपल्या घरांना आजही लाभतो. कोकणात परसदारी कोंबड्या असतात, मराठवाड्यात दारात शेळी असते. मालेगाव, भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या शहरांत गल्लीच्या भिंतीला खुंटी ठोकून शेळ्या बांधलेल्या दिसतात. कोणाच्या गच्चीवर कबुतरांची खुराडी आहेत, कोणाच्या सज्जात पिंजरा टांगलेला आहे, तर कोणाच्या उंबऱ्यावर मांजर हक्काने बसलेली आहे. बकरी ईद जवळ आली की ज्या घरात वर्षभर एकही जनावर नसते, तेथेही आठ-दहा दिवस एक बोकड पाहुणा म्हणून येतो.

अशा घरांतून एक प्रश्न मशिदीपर्यंत येतो, आणि दरवर्षी येतो. शेळ्या राखणे हे तर पैगंबरांचे काम. प्रत्येक पैगंबराने शेळ्या-मेंढ्या राखल्या आहेत आणि स्वतः आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मक्कावासीयांचे कळप मजुरीवर चारले आहेत, असे सहीह बुखारीत आले आहे. मग जी गोष्ट अल्लाहने हलाल ठरविली, तिच्यासाठी नगरपालिकेचा परवाना कशाला? आणि तो काढला नाही, तर फार तर दंड होईल. त्यात गुनाह कोठून आला?

प्रिय वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नाही. परवाना ही केवळ कचेरी आणि आपण यांच्यातील बाब आहे, की कयामतच्या दिवशीही तिचा हिशेब आहे, हे आपण शांतपणे तपासून पाहू.

नियम काय आहेत?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या राज्यात नागरी भागात गुरे पाळणे आणि त्यांची ने-आण करणे यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७६ साली झाला. तो जेथे लागू आहे, तेथे गाई-म्हशी पाळावयाच्या तर परवाना लागतो. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिका कुत्रा पाळण्यासाठी परवाना देतात आणि त्याला रेबीजप्रतिबंधक लसीकरणाचा दाखला जोडावा लागतो. शेळ्या-मेंढ्यांना लांबच्या प्रवासाला नेताना पशुवैद्यकाचा दाखला हवा, असे १९७८ चे जनावर वाहतुकीचे नियम सांगतात. ईदच्या काळात अनेक शहरांत तात्पुरत्या परवानग्या दिल्या जातात. तपशील गावोगावी वेगळे असतात. ते आपल्या नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावेत.

काही बाबतींत मात्र परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही, तेथे सरळ मनाई आहे. हिरवा देशी पोपट हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्षी आहे. त्याला पिंजऱ्यात ठेवणे हा अपराध आहे. आपल्यातील कितीतरी सज्जन कुटुंबांना याची कल्पनाही नसते.

मुबाह म्हणजे मोकळे रान नव्हे

आता शरीअतकडे वळू. प्राणी पाळणे मूलतः मुबाह आहे, म्हणजे अनुमत आहे. याविषयी एक गोड हदीस आपण सर्वांनी ऐकली असेल. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावापाशी, अबू उमैरपाशी, एक चिमुकला पक्षी होता. तो मेला तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्या बालकाला जवळ घेऊन त्या पक्ष्याची प्रेमाने विचारपूस केली. इब्न अल-कास (निधन हिजरी ३३५) या शाफई पंथाच्या विद्वानाने या एका छोट्या प्रसंगातून साठाहून अधिक बोध काढून स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आपल्या कोकणातील शाफई बांधवांना हे ठाऊक असावे म्हणून मुद्दाम नमूद करतो. पक्षी घरात ठेवता येतो, हा त्या बोधांपैकी एक आहे.

परंतु त्याच हदीस-वाङ्मयात दुसरा प्रसंगही आहे. एका प्रवासात काही सहाबींनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलून आणली. ती माता वरती पंख फडफडवू लागली. पैगंबर (स.) यांनी ते पाहिले, हिला पिल्लांवरून कोणी दुःख दिले असे विचारले आणि पिल्ले परत नेऊन ठेवण्यास फर्माविले. सुनन अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे.

दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून पाहा. पक्षी पाळणे अनुमत आहे, पण तो कोठून आणि कसा आला याला महत्त्व आहे. पोपटाची पिल्ले बाजारात येतात, ती बहुधा झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात. अनेक पिल्ले पिंजऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मरतात. म्हणून देशी पोपटाविषयीच्या कायद्याकडे आपण परका हुकूम म्हणून पाहू नये. त्या मातेची पिल्ले परत करण्यास सांगणारी शिकवण आपल्याच घरची आहे.

कुत्र्याच्या बाबतीत तर शरीअतने स्वतःच एक प्रकारची परवाना-पद्धती घालून दिली आहे. शिकार, कळपाची राखण आणि शेतीची राखण या कारणांसाठी कुत्रा ठेवता येतो. त्यांशिवाय जो ठेवील त्याच्या पुण्यातून रोज घट होते, असे सहीह हदीसींत आहे. म्हणजे जनावर पाळण्याला कारण विचारणे आणि मर्यादा घालणे ही कल्पना आपल्या दीनला अनोळखी नाही.

फार काय, नोंदणीची खूण करणेही अनोळखी नाही. आज सरकारी पशुवैद्यक गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला मारतात, तेव्हा काही मंडळी नाराज होतात. हजरत अनस (रजि.) सांगतात की, ते आपल्या नवजात भावाला घेऊन पैगंबर (स.) यांच्याकडे गेले, तेव्हा ते मेंढ्यांवर खूण करीत होते, आणि ती खूण कानांवर होती असे निवेदकाला स्मरते. जकातीत आलेल्या उंटांवरही त्यांनी स्वतःच्या हाताने खूण केली. मात्र चेहऱ्यावर डाग देण्यास त्यांनी कठोर मनाई केली. व्यवस्थेसाठी ओळखीची खूण हवी आणि मुक्या जिवाला अकारण पीडा नको, अशी दोन्ही पथ्ये त्यांनी एकाच वेळी पाळली.

तिघांचे हक्क

परवान्यावर नाव आपले असते, परंतु त्यामागे तिघांचे हक्क उभे असतात. ते एकेक करून पाहू.

पहिला हक्क शेजाऱ्याचा. सूरह अंबियामध्ये हजरत दाऊद (अलै.) आणि हजरत सुलैमान (अलै.) यांच्यापुढे आलेल्या एका खटल्याचा उल्लेख आहे. एकाच्या मेंढ्या रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि त्यांनी पीक फस्त केले. तफ्सीरकारांनी सांगितले आहे की, हजरत दाऊद (अलै.) यांनी मेंढ्याच शेतमालकाला देण्याचा निवाडा केला. हजरत सुलैमान (अलै.) यांनी वेगळा मार्ग सुचविला. मेंढ्या काही काळ शेतमालकाने ठेवाव्यात आणि त्यांच्या दुधाचा व लोकरीचा लाभ घ्यावा. मेंढीवाल्याने शेत पूर्ववत करून द्यावे. मग ज्याचे त्याने परत घ्यावे. यात शेतकऱ्याचे नुकसान भरून निघते आणि मेंढपाळही देशोधडीला लागत नाही. अल्लाहने दोघांनाही ज्ञान व विवेक दिल्याचे सांगितले, आणि या खटल्याची समज सुलैमान (अलै.) यांना दिल्याचे विशेषत्वाने नमूद केले. दोन पैगंबरांनी एका जनावराच्या तक्रारीत लक्ष घालावे आणि कुरआनाने ते जतन करावे, यावरून या विषयाचे वजन ओळखावे.

मदीनेतही असाच प्रसंग घडला. हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांची उंटीण एका बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. दिवसा बागेची राखण बागमालकाने करावी आणि रात्री जनावराची राखण जनावराच्या मालकाने करावी, असा निवाडा पैगंबर (स.) यांनी दिला. इमाम मालिक, इमाम शाफई आणि इमाम अहमद (रह.) यांनी यावरून रात्रीच्या नुकसानीची भरपाई मालकावर ठेवली. हनफी फुकहांनी मालकाच्या प्रत्यक्ष कृतीशी संबंध शोधला. मतभेद तपशिलाचा आहे. जनावर माझे म्हणून जबाबदारीही माझी, या मुळाशी कोणाचा वाद नाही. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने गावोगावी कोंडवाडे आले. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाते आणि मालकाला दंड व चारापाण्याचा खर्च भरून ते सोडवावे लागते. त्यामागचा विचारही हाच आहे.

शहरात शेत नाही, पण शेजारी आहे. तोही भिंतीला भिंत लागून. जिन्यातील लेंड्या, गटारात साचलेला चारा, रात्रभर ओरडणारा बोकड, खालच्या मजल्यावरील दम्याच्या रुग्णाच्या खिडकीवर पडणारी कबुतरांची पिसे आणि विष्ठा, हे सर्व त्या पिकाच्या नासाडीचेच शहरी रूप आहे. शेजाऱ्याविषयी जिब्रील (अलै.) यांनी इतका आग्रह धरला की, त्याला वारसा हक्कही मिळेल की काय असे पैगंबर (स.) यांना वाटू लागले. आणि या हक्कात शेजाऱ्याचा धर्म विचारला जात नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी आधी विचारले की आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठविला काय. ज्या दीनमध्ये जनावराच्या मांसातील वाटा शेजाऱ्याकडे जातो, त्या दीनमध्ये जनावराची दुर्गंधी त्याच्याकडे पाठविणे शोभेल काय?

दुसरा हक्क स्वतः जनावराचा. मांजर कोंडून तिला उपाशी मारणारी स्त्री नरकास पात्र ठरली, ही हदीस सर्वांना पाठ आहे. त्या हदीसीतील एक बारकावा लक्षात घ्यावा. त्या स्त्रीने मांजरीला खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरील किडामुंगी खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. म्हणजे बांधून ठेवताच पोसण्याची जबाबदारी आली. दोर गळ्यात टाकला त्या क्षणी अमानत सुरू झाली. एका अन्सारी सहाबींच्या बागेतील उंट पैगंबर (स.) यांना पाहून रडू लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या मालकाला बोलावून उपासमार व अतिश्रम यांविषयी खडसावले आणि या मुक्या प्राण्याच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले.

इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (निधन हिजरी ६६०) यांनी जनावरांचे माणसावरील हक्कच नोंदवून ठेवले आहेत. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याच्यावर खर्च करावा. झेपणार नाही इतके ओझे लादू नये. जे त्याला इजा करील अशा जनावराबरोबर त्याला कोंडू नये. एखादा मालक जनावराला उपाशी ठेवीत असेल, तर काजी त्याला पोसण्याची, विकण्याची किंवा खाण्याजोगे असल्यास जबह करण्याची सक्ती करू शकतो, असे शाफई व हंबली फुकहा म्हणतात. हनफींमध्ये इमाम अबू यूसुफ (रह.) यांचेही मत सक्तीच्या बाजूचे आहे. इतर हनफी त्याला अल्लाहपुढील कर्तव्य मानतात, पण कर्तव्य सर्वांनाच मान्य आहे. हिजरी पाचव्या शतकात मावर्दी यांनी लिहिलेल्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात मुहतसिब नावाच्या अधिकाऱ्याची कामे दिली आहेत. जनावरांना त्यांच्या शक्तीपलीकडे राबविणाऱ्यांना रोखणे हे त्यांपैकी एक होते. आजचा पशुवैद्यकीय निरीक्षक गोठ्यात येऊन जागा किती, पाणी आहे काय, जनावर आजारी तर नाही, असे विचारतो, तेव्हा तो तेच जुने काम करीत असतो.

तिसरा हक्क समाजाचा. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांत आणू नयेत, असे पैगंबर (स.) यांनी फर्माविले. पशुवैद्यकाच्या दाखल्यामागचा सारा हेतू या एका आज्ञेत सामावला आहे. रोगाला सरहद्द नसते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. भारतातील ती पहिली नोंद होती. लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि अनेकांचा व्यवसाय बुडाला. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस पसरला. हा रोग उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून माणसाला होतो. गोठा कोठे असावा आणि त्याचे सांडपाणी कोठे जावे, हा प्रश्न म्हणूनच एका घराचा राहत नाही. मुंबई शहरातील म्हशींचे तबेले हलविण्यासाठी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, तिच्यामागेही हीच चिंता होती.

मग गुनाह कशात आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नियम सारखे नसतात, म्हणून त्यांचे बंधनही सारखे नसते.

काही नियम असे आहेत की, ते कायद्यात नसते तरी शरीअतने आपल्यावर बंधनकारक केले असते. कुत्र्याला रेबीजची लस देणे, आजारी जनावर बाजारात न नेणे, शेजाऱ्याच्या दारात घाण न करणे हे त्यांतले. कोणालाही इजा करू नये आणि इजेच्या बदल्यातही इजा करू नये, या हदीसीच्या कक्षेत ते थेट येतात. येथे परवाना मोडणे म्हणजे माणसाचा किंवा मुक्या जिवाचा हक्क मारणे होय. दंड भरल्याने नगरपालिकेचा हिशेब मिटतो. ज्याचा हक्क मारला त्याचा मिटत नाही. अल्लाह आपले हक्क माफ करील अशी आशा बाळगता येते, परंतु बंद्यांचे हक्क बंद्यांकडूनच माफ करून घ्यावे लागतात, हे आपण मुलांना शिकवितो. मुक्या जनावराकडून माफी कशी मागणार, याचा विचार करावा.

काही नियम निव्वळ व्यवस्थेचे असतात. नोंदवहीत नाव घालणे, शुल्क भरणे, किती जनावरे ठेवावीत याची संख्या ठरविणे. यांत मूळ गोष्ट मुबाहच असते. असा नियम मोडणे हा स्वयमेव गुनाह आहे की त्यासोबत येणारा खोटेपणा व वचनभंग हा गुनाह आहे, यावर उलमांनी वेगवेगळ्या शब्दांत चर्चा केली आहे. पण व्यवहारात उत्तर एकच निघते. एखाद्या शहरात आपण राहतो, तेथील पाणी, रस्ता, दवाखाना वापरतो, तेव्हा तेथील व्यवस्थेशी आपण करार केलेला असतो, आणि सूरह माइदाचा आरंभच करार पाळण्याच्या आज्ञेने होतो. शिवाय मोमिनाने स्वतःला अपमानात लोटू नये, असेही हदीसीत आले आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या नोंदणीसाठी निरीक्षकापुढे खोटे बोलणे, बोकड न्हाणीघरात दडविणे आणि मुलांना गप्प राहा म्हणून दटावणे, यांत कोणती इज्जत आहे? ती मुले त्या दिवशी ईदचा कोणता धडा शिकतात?

तिसऱ्या प्रकारचा नियम म्हणजे जो गुनाह करण्यास भाग पाडतो. अल्लाहची अवज्ञा करावी लागत असेल तर तेथे कोणाचेही आज्ञापालन नाही. पण अर्ज भरा, लस द्या, जागा स्वच्छ ठेवा, ठरलेल्या जागीच जनावर बांधा, असे सांगणे म्हणजे गुनाहचा हुकूम नव्हे. गैरसोय आणि गुनाह या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करून दीनचे नाव पुढे करणे हा दीनवरच अन्याय आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने धर्माने आवश्यक ठरविलेल्या पद्धतीने जनावर कापणे हा गुन्हा मानलेला नाही, हेही आपण जाणून असावे. तरीही बोकडाला ईदपूर्वी उन्हात तहानलेले बांधणे, चार बोकड एका रिक्षात कोंबणे, मुलांनी त्याच्या पाठीवर बसणे यांचे समर्थन ना कायद्यात आहे ना शरीअतीत. जो जीव अल्लाहच्या नावाने अर्पण करावयाचा, त्याचे शेवटचे दिवस तरी सन्मानाचे असावेत.

लाच देऊन परवाना मिळविणे हा तर वेगळा गुनाह आहे. लाच देणारा आणि घेणारा दोघेही लानतीस पात्र आहेत. आपला रास्त हक्क अडवून धरला आहे आणि दुसरा कोणताही मार्ग उरला नाही, अशा अगतिकतेसाठी फुकहांनी सवलत दिली असली, तरी रांगेत उभे राहण्याचा कंटाळा ही अगतिकता नव्हे. आणि अपुरी जागा पुरेशी दाखविण्यासाठी दिलेला पैसा शेजाऱ्याचा आणि जनावराचा हक्क विकत घेण्यासाठी दिलेला असतो.

परवाना देणाऱ्याचाही हिशेब आहे

येथपर्यंत मी पाळणाऱ्याशी बोललो. पण लेख येथेच संपविला तर तो अपुरा राहील आणि अन्यायाचाही होईल. कारण दुसरी बाजू खरी आहे.

हजरत उमर (रजि.) यांनी सार्वजनिक जनावरांसाठी एक कुरण राखीव ठेवले आणि त्यावर हुनई नावाच्या आपल्या मुक्त सेवकाला नेमले. कोणाची जनावरे आत सोडावयाची हे तो ठरविणार होता. आजच्या भाषेत तो परवाना देणारा अधिकारी होता. सहीह बुखारीत त्याला दिलेल्या सूचना जतन आहेत. लोकांशी नरमाईने वाग आणि पीडिताच्या शापाला भी, असे उमर (रजि.) यांनी त्याला सांगितले. ज्याच्याकडे मोजकेच उंट आणि मोजक्याच शेळ्या आहेत, त्याला आत येऊ दे. मात्र इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांच्या जनावरांना आत घेऊ नकोस. हे दोघे उच्च कोटीचे सहाबी, पण श्रीमंत. त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची जनावरे मेली तर तो मुलाबाळांसह माझ्या दारात येऊन उभा राहील, मग मी त्याला टाकून देऊ काय? आणि त्यांनी हेही कबूल केले की, जमीन लोकांची आहे. सार्वजनिक गरज नसती तर आपण वीतभर जमीनही राखून ठेवली नसती.

यात परवान्याच्या नीतीचा गाभा आहे. निर्बंधाला सार्वजनिक गरजेचे कारण हवे. तो लागू करणारा नरम आणि अल्लाहला भिणारा हवा. आणि दुर्बळासाठी दार आधी उघडले पाहिजे. शासकाचा प्रजेवरील प्रत्येक व्यवहार प्रजेच्या हिताशी बांधलेला असतो, हे फिकहचे प्रसिद्ध सूत्र उस्मानी काळात, १८७६ साली पूर्ण झालेल्या मजल्ला या संहितेतही घेतले गेले.

आता आपल्या वस्तीतील एखादी विधवा डोळ्यांपुढे आणा. तिच्याकडे दोन शेळ्या आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. त्या दोन शेळ्यांच्या दुधावर आणि करडांवर तिच्या मुलांची फी भरली जाते. तिला अर्ज लिहिता येत नाही. जागा तिच्या नावावर नाही, म्हणून परवाना मिळत नाही. आणि परवाना नाही म्हणून एके दिवशी गाडी येऊन शेळ्या उचलून नेते. पन्नास म्हशींचा तबेलेवाला कागदपत्रे पुरी करून निर्धास्त असतो. नियम दोघांसाठी सारखाच लिहिलेला आहे, पण त्याचा भार सारखा नाही. हजरत उमर (रजि.) असते तर त्यांनी कोणाला आधी आत घेतले असते, हे आपण जाणतो. आपल्यापैकी जे नगरसेवक आहेत, कचेरीत नोकरीस आहेत किंवा गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर आहेत, त्यांनी हुनईच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण त्याहीपेक्षा मोठी सूचना त्या पीडिताच्या शापाची आहे.

आणखी एक तक्रार दबक्या आवाजात ऐकू येते. नियमाचा बडगा आमच्याच वस्तीत, आमच्याच सणाला दाखविला जातो. इतरत्र डोळेझाक होते. जेथे असे घडते, तेथे तो जुलूम आहे आणि त्याला जुलूमच म्हटले पाहिजे. सूरह माइदामध्ये अल्लाहने बजावले आहे की, एखाद्या समूहाच्या शत्रुत्वाने तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये. ही आज्ञा आपल्याला उद्देशून आहे. समोरच्याने पक्षपात केला म्हणून माझ्या शेजाऱ्याचा हक्क रद्द होत नाही, आणि माझ्या बोकडाची तहानही भागत नाही. जुलमाचा हिशेब जुलूम करणाऱ्याकडे आहे, अमानतीचा माझ्याकडे. अन्यायाविरुद्ध लढण्याचे मार्ग खुले आहेत. लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी, नकार मिळाल्यास कारण लेखी मागावे, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा उपयोग करावा, वरिष्ठांकडे दाद मागावी. ज्याचे स्वतःचे अंगण स्वच्छ आहे, त्याच्या अर्जाला वजन असते.

आपण काय करावे?

वाचकहो, प्राणी घरी आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन गोष्टी विचाराव्यात: याला पोसण्याची ऐपत व सवड आपल्याकडे आहे काय, शेजाऱ्याला याचा त्रास होईल काय, आणि येथील नियम काय आहे. पिंजऱ्यात देशी पोपट असेल तर रात्री गुपचूप उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी रानात जगत नाही. वनखात्याशी संपर्क साधून तो त्यांच्या स्वाधीन करावा. मशिदीच्या समित्यांनी ईदपूर्वी महिनाभर आधी परवानगीचे अर्ज, पाण्याची सोय आणि कचऱ्याची विल्हेवाट यांची व्यवस्था सामुदायिकरीत्या करावी. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी एक रविवार काढून अशिक्षित शेळीवाल्यांचे अर्ज भरून द्यावेत. ज्या घरात खाली किंवा समोर अन्य धर्माचे कुटुंब राहते, त्या घराने बोकड आणण्याआधी त्यांच्या दारी जाऊन दोन शब्द बोलावेत. हा परवाना कोणत्याही कचेरीत मिळत नाही, आणि त्याला शुल्कही लागत नाही.

कागदावरील परवान्याची मुदत वर्षाने संपते आणि नूतनीकरण करावे लागते. मुक्या जिवाची अमानत मात्र तो जीव आपल्या दारात असेपर्यंत दिवसरात्र चालू असते, आणि तिचा निरीक्षक कधी झोपत नाही.

अल्लाह आपल्याला मुक्या जिवांवर दया करण्याची, शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची आणि दिलेला शब्द पाळण्याची सद्बुद्धी देवो. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना न्यायाची दृष्टी देवो. आणि ज्यांची उपजीविका दोन शेळ्यांवर आहे त्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.